‘काय झालं ओ म्याडम, त्या गुळाचं?’

या वेळचं पत्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवणाऱ्या वाचक भगिनीचं आहे. वय 34. पीएच.डी.चा विषय गूळ. त्यासाठी त्या 3 हंगाम करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या गुऱ्हाळांवर फिरल्या. गुळाचा रंग उजळायला घालतात ती पावडर गुळात किती उरते आणि तिच्याऐवजी रानभेंडीचा चिकट रस कितपत काम करतो, हे त्यांनी तपासलं. प्रबंध इंग्रजीत आहे. दोन शोधनिबंध परदेशी नियतकालिकांत आले, ते पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. उन्हाळ्यातल्या एका लग्नात, पंगतीत, एक गुऱ्हाळमालक समोर बसले आणि म्हणाले, ‘काय झालं ओ म्याडम, त्या गुळाचं? रिपोर्ट आणून देतो म्हणून गेलासा, खरं परत आलाच न्हाईसा.’ यांना घास गिळेना. घरी येऊन त्यांनी दोन पानी मराठी पत्रक लिहिलं आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर सोडलं. दहा-बारा अंगठे आले, हात जोडलेली चित्रं आली आणि एका गुऱ्हाळमालकाचा चिडलेला फोन आला: ‘आमच्या पोटावर पाय द्यायला निघालासा काय?’ मार्गदर्शक सर म्हणाले, पत्रकांना कोण विचारतं, तेवढ्या वेळात आणखी एक पेपर होतो. आता त्यांचा प्रश्न असा: संशोधन सोप्या मराठीत कसं लिहू, यूट्यूब चॅनेल काढू का, की सरांचं ऐकून हा नाद सोडून देऊ?

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमची बाजू दिसली, दुसऱ्या वाचनात त्या गृहस्थांची. त्यांचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही हे बरंच केलंत. मी त्यांना आबा म्हणतो. इतक्या वर्षांनी, लग्नाच्या पंगतीत, जिलेबी समोर असताना माणूस गुळाचं विचारतो, म्हणजे ते त्याच्या डोक्यात राहिलंय. तुम्हाला त्यात उधारी मागितल्यासारखं ऐकू आलं. मला तसं नाही वाटलं. शेजारची पोरगी परीक्षेला बसली होती, तिचा निकाल काय लागला, असं विचारतात ना, तो सूर होता. पण तुम्हाला शरम वाटली, आणि शरमेच्या भरात लिहिलेलं पत्रक घाईत लिहिलं जातं. तुमचंही तसंच झालंय.

पत्रकाची प्रत तुम्ही सोबत जोडली आहे. तिचं पहिलंच वाक्य: ‘शेतकरी बांधवांनो, अज्ञानामुळे आपण गुळात विष कालवत आहोत.’ हे वाचून मलाच राग आला, आणि माझं तर गुऱ्हाळही नाही.

माझ्या मामाचं होतं, पन्हाळ्याच्या पायथ्याला. दिवाळीच्या सुट्टीत आमचा मुक्काम तिथंच. चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस घामानं निथळत असायचा, काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, रस तापून वर मळी यायची आणि ती सुटावी म्हणून ठेचलेल्या रानभेंडीचं पाणी ओतलं जायचं. पुढे पावडरीचे डबे आले. मामाला सोडियम हायड्रोसल्फाइट हे नाव माहीत नव्हतं, ‘हायड्रॉस’ माहीत होतं. त्यानं रंग उघडतो, आणि पावसाळी हवा लागली की तोच गूळ पुन्हा काळवंडतो, हे त्याला पाठ होतं. घरच्या खाण्याचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, तो वेगळा काढायचा, बिनपावडरीचा, तांबूस. घरासाठी वेगळा रवा काढणाऱ्या माणसाला तुम्ही ‘अज्ञान’ हा शब्द कसा लावणार?

म्हणून म्हणतो, सोप्या मराठीत कसं लिहायचं हा तुमचा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. तुम्ही एकदम तिसऱ्या पायरीवर उडी मारलीत. पहिला प्रश्न असा, की आबा पावडर का घालतात? आणि दुसरा, ती सोडायची तर नुकसान कुणाच्या खिशातून जाणार?

पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळेत नाही, ते सौद्यात आहे. एकदा पहाटे मार्केट यार्डात जाऊन उभ्या राहा. व्यापारी रंग बघतो, कणी बघतो, दर बोलतो. आपला गूळ मोठ्या प्रमाणात गुजरातेत जातो आणि तिथल्या गिऱ्हाइकाला पिवळा लागतो, हे अडते तुम्हाला न विचारता सांगतील. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हापासून कोल्हापूरचा संसार गुळावर चाललाय. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकनाचा कागद भिंतीवर आणि सौद्यात नजर रंगावर, अशी स्थिती आहे. ज्यानं पावडर सोडली त्याचा गूळ तांबडा पडतो, दर पडतो, आणि शेजारच्या पावडरवाल्याचा माल वरच्या भावानं जातो. तुमच्या पत्रकानं या साखळीतल्या नेमक्या अशा माणसाला ‘तू सोड’ म्हटलं, ज्याच्या हातात दर नाही. फोनवरचा माणूस ‘पोटावर पाय’ म्हणाला त्याचा अर्थ एवढाच होता. तो उद्धट नव्हता, तो हिशेब सांगत होता.

पत्रक वाईट नव्हतं, पत्ता चुकला. रंगाचा आग्रह धरणाऱ्या व्यापाऱ्यासाठी एक कागद हवा. पिवळाधमक गूळ म्हणजे चांगला गूळ असं समजणाऱ्या शहरातल्या गिऱ्हाइकासाठी दुसरा. आबांसाठी तिसरा, आणि तो छापीलसुद्धा असायची गरज नाही.

आता माझी एक फजिती सांगतो, म्हणजे तुम्हाला एकटं वाटायचं नाही. शाळेत विज्ञान शिकवत होतो त्या काळात आम्ही चार मास्तरांनी माती परीक्षणावर गावोगाव व्याख्यानं द्यायचं ठरवलं. एका गावी रात्री 8 ची वेळ ठेवली, देवळात, पडदाबिडदा लावून. आम्हाला वाटलं, दिवसभराची कामं उरकून लोक निवांत येतील. समोर पुजारी, अंगणवाडीच्या बाई आणि वाकळ घेऊन झोपायलाच आलेले दोन म्हातारे. आम्ही परत येताना ‘लोकांना गोडी नाही’ म्हणून गावाला शिव्या घातल्या. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची होती, सगळे बापे उसाला पाणी पाजायला मळ्यात गेले होते, हे नंतर कळलं. वेळापत्रक गावात कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. विचारायचं आम्हाला सुचलंच नाही, कारण आम्ही सांगायला गेलो होतो.

भाषेचं तुम्ही विचारलंयच, तर त्याकडे येतो. तुमच्या पत्रकात, पावडरीमुळे गुळात जो वायू उरतो त्याचा एक आकडा आहे: ‘सल्फर डायऑक्साइडची कमाल मर्यादा 70 पीपीएम’. बरोबर आहे, अन्नसुरक्षेच्या नियमांत गुळासाठी तेवढीच मर्यादा आहे. पण ‘पीपीएम’ उलगडून ‘दहा लाख भागांत 70 भाग’ असं लिहिलंत तरी आबांना काय बोध होणार? दहा लाख भाग त्यांनी कधी हातात धरलेत? त्यांच्या हातात रवा असतो. 70 पीपीएम म्हणजे किलोला 70 मिलिग्रॅम. 30 किलोच्या रव्याला झाले 2100 मिलिग्रॅम, म्हणजे 2 ग्रॅमहून थोडं जास्त. चहाच्या चमच्यात साखर घेतली तर तिचं वजन साधारण 4 ते 5 ग्रॅम भरतं. ‘अख्ख्या रव्यात मिळून अर्ध्या चमच्याच्या वजनाइतकाच हा वायू उरलेला चालतो’ असं सांगितलंत की ते डोळ्यांसमोर उभं राहतं. मात्र पुढचं वाक्य विसरू नका: ही मर्यादा गुळात उरलेल्या अंशाची आहे, काहिलीत किती पावडर टाकायची त्याचं ते माप नव्हे. नाहीतर कुणीतरी अर्धा चमचा मोजून घालेल आणि तुमचं नाव सांगेल.

आणि ‘विष’ हा शब्द काढा. सल्फाइटचा त्रास दम्याच्या काही रुग्णांना होतो, हे खरं, आणि ते तितक्याच शब्दांत लिहा. ‘विष’ म्हटलं की दोनच गोष्टी होतात: घाबरलेलं गिऱ्हाईक गूळच सोडून देतं आणि गुऱ्हाळवाला तुमच्यासाठी दार लावून घेतो. तसंच पत्रकाच्या दुसऱ्या पानावर ‘काळा गूळ तोच शुद्ध गूळ’ अशी चौकट आहे. तुम्ही रसायनशास्त्राच्या, तुम्हाला मी काय सांगू? उसाची जात, जमीन, रस किती वेळ तापला, सगळ्यांचा रंगावर परिणाम होतो. क्षारपड जमिनीतल्या उसाचा गूळही काळपटच पडतो. सोपं करायच्या नादात खोटं झालं तर त्यापेक्षा इंग्रजी प्रबंध बरा.

तुमच्या प्रबंधातली एक गोष्ट मला फार आवडली, ती पत्रकात नाही याचं वाईट वाटलं. गूळ उतरवायची वेळ तुम्ही तापमापकानं धरलीत, 118 अंशांच्या आसपास. गुळव्याकडे, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराकडे, तापमापक नसतो. तो उकळत्या काहिलीतला थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळते का बघतो, ती भांड्यावर आपटून आवाज ऐकतो, आणि म्हणतो, ‘उतरा’. चार माणसं काहिलीला दांडे लावतात. तुमचे 118 अंश आणि त्याची गोळी एकाच जागी येऊन भेटतात. प्रबंधात त्या गोळीला ‘पारंपरिक पद्धती’ अशा दोन शब्दांत गुंडाळलंय. तुम्ही गुळव्यांशी बोलायला जाल तेव्हा सुरुवात तिथून करा. तापमापक घेऊन जा, त्यांना गोळी धरू द्या आणि त्याच क्षणी काटा कुठं आहे ते दोघांनी मिळून बघा. माझी खात्री आहे, रानभेंडीचा विषय मग तेच काढतील. त्यांचा आजा तेच वापरत होता. ती का सुटली, खोडं मिळेनात म्हणून, मजूर मिळेना म्हणून, की रंगाला कमी पडते म्हणून, हे तुम्हाला तिथंच कळेल. तुमच्या पुढच्या पेपरचा विषय त्यात निघाला तर सरही खूश.

प्रत्यक्ष काय करायचं, ते आता क्रमानं सांगतो. क्रम बदलू नका एवढीच विनंती.

पहिल्यांदा, ज्या ज्या गुऱ्हाळावरून नमुना घेतलात तिथं त्या त्या माणसाचा निकाल त्यालाच द्या. बंद पाकिटात, एका पानावर, मराठीत. ‘तुमच्याकडून अमुक महिन्यात गूळ घेतला होता, त्यात इतकं निघालं, मर्यादा इतकी आहे.’ बास. शेजाऱ्याचा निकाल सांगू नका, गावाची सरासरी काढून चावडीवर लावू नका. पाच गुऱ्हाळं असलेल्या गावात ‘नमुना क्रमांक 3’ म्हणजे कोण, हे शाळेतलं पोरगंही ओळखतं. ज्यांचा आकडा मर्यादेवर गेला असेल त्यांच्या हातात पाकीट देताना बसा, चहा घ्या, प्रश्न येऊ द्या. निकाल जुना आहे, त्या हंगामाचा आहे, हेही सांगा. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला टाळ्या नाहीत, आणि याच्याशिवाय पुढची एकही पायरी चढता येणार नाही. आबांनी नेमकं हेच मागितलं होतं. त्यांना जनजागृती नको होती, स्वतःचा रिपोर्ट हवा होता.

दुसरं, ‘पावडर सोडा’ असं सांगण्याऐवजी एक काहिल मागा. हंगामात एका दिवशी एकच काहिल रानभेंडीवर काढायची, शेजारी रोजची. आणि ती काढण्याआधी तिचे रवे घेणारं गिऱ्हाईक ठरलेलं असलं पाहिजे. शहरातलं एखादं महिलांचं बचत गट, चिक्की करणारा कारखानदार, तुमच्या महाविद्यालयातले प्राध्यापक, कुणीही. दर आधी ठरवा. जोखीम आबांच्या एकट्याच्या डोक्यावर राहिली तर तो प्रयोग म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तुमचा रानभेंडीचा प्रयोग प्रयोगशाळेत काही लिटर रसावर झालाय, अख्ख्या काहिलीवर नाही, हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगा. बिघडला तर बिघडला म्हणायची मोकळीक दोघांनाही हवी.

इथं कोल्हापुरातच ऊस आणि गूळ संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं. कणेरीला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या मंडळींना तुमचं पान आधी दाखवा. त्यांचा जन्म यातच गेलाय. काय चाललं आणि काय फसलं, हे ते तुम्हाला अर्ध्या तासात सांगतील, आणि तेच काम तुम्ही नव्यानं करण्यातून वाचाल.

गिऱ्हाइकासाठीचा कागद संक्रांतीच्या आधी काढा. वर्षभरात गुळाकडे बायका चोखंदळपणे बघतात ते तीळगूळ आणि गुळाच्या पोळीच्या वेळी. त्यात चार ओळी पुरेत: फार पिवळा रंग म्हणजे दर्जा नव्हे, रंगावरून पावडर आहे की नाही हे खात्रीनं सांगता येत नाही, विचारून घ्या, तांबूस गुळाला चार पैसे जास्त द्यायची तयारी ठेवा. शेवटची ओळ सगळ्यात अवघड आहे, हे मला कळतं. माझी बायकोसुद्धा लक्ष्मीपुरीत गेली की पिवळाच उचलते, आणि मी हे सदर लिहितो.

यूट्यूबचं विचारलंत. माझं मत, आत्ता नको. चॅनेल काढलं की दर आठवड्याला काहीतरी सांगावं लागतं, आणि तुमच्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, चांगली आहे, पण एकच. दोन महिन्यांत तुम्ही ‘गुळाचे 10 फायदे’ सांगायला लागाल. आकाशवाणीच्या शेतीच्या कार्यक्रमात एकदा बोलवून घेता आलं तर बघा, आणि शक्य झालं तर आबांना बरोबर न्या. प्रश्न त्यांनी विचारायचे.

आता सर. त्यांच्यावर रागावू नका, ते अर्धे बरोबर आहेत. तासिका तत्त्वावरच्या माणसानं मुलाखतीत पत्रकं दाखवली तर खुर्चीतली माणसं हसतात, हे त्यांनी पाहिलेलं असणार. नोकरी पक्की होईपर्यंत पेपर सोडू नका. मी तुम्हाला महिन्यातले दोन रविवार मागतोय, त्याहून जास्त नाही. पण सरांचं उरलेलं अर्धं, ‘कोण विचारतं’, ते मात्र जुनं झालं. विद्यापीठ अनुदान आयोगानं 1977 सालच्या धोरणातच अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीला ‘विस्तार’, म्हणजे समाजात जाऊन केलेलं काम, हे उच्च शिक्षणाचं तिसरं अंग मानलंय. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनातही विस्तारकार्याचे गुण आहेत, आणि ते भरताना महाविद्यालयांची दरवर्षी तारांबळ उडते. वृक्षारोपणाचे तेच ते फोटो लावून लावून कंटाळलेल्या प्राचार्यांकडे ‘15 गुऱ्हाळांना निकाल परत दिले, एक काहिल प्रयोग केला’ असा कागद घेऊन जा. सही-शिक्क्यासह नोंद करून घ्या, दिनांक घाला, गुऱ्हाळमालकांच्या पोचपावत्या घ्या. सत्कार्याची फाईल ठेवायला लाजू नये.

तुमचे शोधनिबंध बंद कुलपात आहेत म्हणून तुम्ही हळहळलात. प्रबंध तरी ‘शोधगंगा’वर आहे ना? गांधीनगरचं ते प्रबंधांचं भांडार कुणालाही फुकट उघडतं. 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’खाली सरकारी उच्च शिक्षण संस्थांना 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 नियतकालिकं खुली झाली, तीही चांगली गोष्ट. पण कुलूप उघडलं म्हणून आबा आत येणार आहेत का? आत सगळं इंग्रजी, आणि रवा कुठंच नाही. तेव्हा कुलपाची काळजी थोडी कमी करा. तुम्ही शोधलेली माहिती तुमच्या शब्दांत, मराठीत, नव्यानं लिहायला कुणाची आडकाठी नसते. छापून आलेले तक्ते, आलेख जसेच्या तसे उचलायचे असतील तर प्रकाशकाशी केलेला करार वाचा. बरीच नियतकालिकं स्वीकारलेल्या हस्तलिखिताची प्रत संस्थेच्या संग्रहात ठेवू देतात, काही ठरावीक मुदतीनंतर.

या आठवड्यात याच धर्तीची आणखी दोन पत्रं आहेत, त्यांनाही इथंच सांगतो. शिरोळ तालुक्यात 2019 आणि 2021 च्या महापुरांवर घरोघर पाहणी केलेल्या मुलानं विचारलंय, नकाशे कुणाला द्यावेत? बाबा रे, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना गेलं की इशारा आणि 43 ला धोका, हे आकडे पावसाळ्यात अख्खा जिल्हा तोंडानं म्हणतो. तुझ्या गावातल्या बाईला हवं असतं ते वेगळंच: तिकडे अमुक फूट झालं की माझ्या उंबऱ्याला पाणी कधी लागतं? तुझ्या पाहणीत ते उत्तर असेल तर नकाशा गुंडाळून ठेव, आणि ग्रामसभेत सगळ्यांच्या समोर शाळेच्या भिंतीवर दोन्ही वर्षांच्या रेघा रंगवून घे. एखादी म्हातारी म्हणेल, ‘रेघ चुकली, हितवर न्हवतं पाणी.’ तिचं ऐक.

दुसऱ्या ताईंनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्यात आणि त्यांना पुस्तक काढायचंय. काढा. पण ज्या आजींनी गायल्या त्यांच्या घरी त्यांच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग नातवाच्या मोबाइलमध्ये आधी घालून या. पुस्तकाला दोन वर्षं लागतील, आजींचं वय तुम्हाला माहीत आहे.

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य राहिलंच. तुम्ही लिहिलंय, ‘आता इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडानं जाऊ?’ लग्नात घास अडकला होता त्याच तोंडानं. आबांनी दार लावलेलं नाही, त्यांनी स्वतः विषय काढला. चिडलेल्या फोनवाल्यांकडेही जा, पण दुसऱ्यांदा. पहिल्या खेपेला आबा. आधी फोन करून लाईट कधी आहे ते विचारा आणि लाईट नसेल त्या वेळी जा. पत्रक नेऊ नका. त्यांच्या नमुन्याचं पान, तुमची त्या हंगामातली वही आणि तापमापक, एवढं पुरे. वही दाखवा; तीत तुम्ही त्यांचं एखादं बोलणं टिपून घेतलं असेल, ते त्यांना वाचून दाखवा.

आणि दसऱ्याच्या आधी जा. गुळव्यांची उचल त्या सुमारास ठरते आणि एकदा चुलवाण पेटलं की चैत्रापर्यंत त्यांना बोलायला सवड नसते.